पहिल्या धड्याची परीक्षा

वेबसाइट बनवणाऱ्यांना एक तयार सांगाडा मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. अशाच एका फ्रेमवर्कसाठी शिकवणीचे धडे लिहिणं हा तिचा पोटापाण्याचा उद्योग होता. त्यातला जुना पहिला धडा इतका रुक्ष होता की नवशिके तिथूनच काढता पाय घ्यायचे. तिने हट्टाने तो मुळापासून नव्याने लिहून काढला होता. आज संध्याकाळी नवी आवृत्ती बाहेर पडणार होती. त्या आवृत्तीत हिचा धडा जाणार, की जुनाच पुन्हा लोकांच्या माथी मारला जाणार, हे एका परीक्षेवर ठरायचं होतं.

परीक्षेचा नियम टीमच्या प्रमुख बाईंनी घातलेला. ज्याला या कामातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसाने धडा एकट्याने पुरा करायचा. लिहिणारीने मागे मूग गिळून बसायचं. माणूस अडला तर धडा दुरुस्त करायला मुभा होती, तोंड उघडायला नव्हती.

आता गप्प बसण्याशी हिचं जन्माचं वाकडं. पण माणूस तरी घरातच मिळाला. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि बिल काढण्यापलीकडे त्याने संगणकाला कधी हात लावला नव्हता. दुपारची जेवणं उरकल्यावर तो लॅपटॉपसमोर बसला. ती मागच्या खुर्चीत, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

तो एकेक ओळ वाचत, ओठ हलवत पुढे गेला. फाइलमधलं एक वाक्य बदलायचं होतं, ते बदललं. मग ब्राउझरमध्ये पाहिलं तर पानावर मोठ्या अक्षरांत झळकत होतं, ‘नमस्कार, मी आलो.’

“जमलं की!” तो खुर्चीतच उडाला.

तिचा जीव भांड्यात पडला. पण लगेच कपाळाला आठी आली. “वाक्य बदलल्यावर तू मधेच काय दाबलंस?”

“फाइल सेव्ह केली.”

“ते धड्यात कुठे लिहिलंय?”

त्याने धडा वरखाली करून पाहिला. “नाही लिहिलेलं.”

“मग केलीस कशाला?”

“अगं, इतकी वर्षं संसार केलाय तुझ्याशी. तू ‘दिवा घालव’ म्हणालीस की पंखाही बंद करायचा असतो. ‘पिशवी घे’ म्हणालीस की छत्रीसुद्धा घ्यायची असते. तू सांगतेस त्याच्या पुढचं एक काम मी आपलं उरकून टाकतो.”

हे ऐकून तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आपल्याला इतकं ओळखणारं माणूस घरात आहे याचा तिला मनापासून आनंद झाला. धडा मात्र तोंडावर आपटला होता. ज्यांनी तिच्याशी संसार केला नाही, ते बिचारे वाक्य बदलून जुन्याच पानाकडे बघत बसले असते. प्रमुख बाईंना ‘पास’ कळवून टाकलं असतं तर कुणाला पत्ता लागणार होता? निरोप लिहायला बोटं पुढे गेलीही. मग तिने ती मागे घेतली आणि धड्यात आधी सेव्हची ओळ घातली.

“आता दुसरं माणूस हवं,” ती म्हणाली. “संध्याकाळच्या आत.”

“तुझं बोलणं ज्याला अजिबात कळत नाही असं,” नवरा म्हणाला, आणि दोघांचीही नजर छताकडे गेली.

वरच्या मजल्यावर त्याची थोरली बहीण राहत होती. ताईंनी जन्मभर शाळेत भूमिती शिकवली. नणंद-भावजयीचं वरवर बरं होतं, पण हिने काही सांगितलं की ताईंचे प्रश्न सुरू. म्हणजे कुठलं? म्हणजे कधी? हिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आज तीच आपल्या पायांनी जिना चढून त्यांना घेऊन आली.

ताई लिहिलं होतं तेवढंच करत. त्यापलीकडे तसूभरही नाही. “काळ्या खिडकीत ही ओळ लिहा, म्हणे. काळी खिडकी आणू कुठून?” त्यांनी विचारलं. संगणकाला आज्ञा द्यायची ही खिडकी नवऱ्याला दुकानाच्या बिलांमुळे ठाऊक होती, ताईंना नव्हती. हिने ओठ घट्ट मिटले, धड्यात ती कशी उघडायची ते लिहिलं आणि लॅपटॉप पुन्हा पुढे सरकवला. “ओळ लिहिली. पुढे काय, बघत बसू?” हिने एंटर दाबायचं लिहिलं. असं घोडं पुष्कळदा अडलं. दर वेळी ताई पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागत, आणि गंमत म्हणजे हिला राग यायचा राहून गेला. ताई जिथे थांबत तिथे खरोखरच भोक होतं.

शेवटी त्या कुठेच न थांबता तळाशी पोचल्या. पानावर उमटलं, ‘नमस्कार, मी आले.’

ताईंनी मागे वळून विचारलं, “मी पास का गं?”

“परीक्षा धड्याची होती, ताई. तुमची नव्हे.”

“मग धडा चांगला आहे.” त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. “तुम्ही दोघं अर्ध्या वाक्यात बोलता. तुम्हाला पुरतं ते. मी मधे बसते आणि मला निम्मं कळत नाही. विचारलं की मी खुसपटं काढणारी ठरते. आज पहिल्यांदा तू मला सगळं नीट सांगितलंस.”

नवरा उगीचच खिडकीबाहेर बघू लागला. इतकी वर्षं जिला आपण खाष्ट समजलो ती नुसती आपल्या बोलण्याबाहेर उभी होती, हे तिला कळलं आणि फार वाईट वाटलं. प्रमुख बाईंना तिने ‘पास’ एवढंच कळवलं.

मग ती ताईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

“ताई, आज रात्री आठ वाजता खाली जेवायला या. आपण तिघंच आहोत. येताना काही आणू नका. आणि जेवण झाल्यावर लगेच वर जायचं नाही, गप्पा मारत बसायचं.”

“येते,” ताई म्हणाल्या.