टाच ठीक, घोटा ठीक

माझ्यात बघून आजवर कुणी भांग पाडलेला नाही, मित्रांनो. मी एक जुना गोल आरसा आहे आणि कित्येक वर्षं मी एकाच माणसाची पाठ बघत आलो आहे.

चिंचपोकळीच्या एका लहानशा कारखान्यात मला कापलं. लालबागच्या फुटपाथवरून मालनकाकूंनी मला घरी आणलं. त्यांचे यजमान, राजारामकाका, तरुणपणी मंडप बांधताना बांबूवरून पडले होते. कण्याला मार लागला. कमरेखालची जाणीव गेली ती गेलीच. काकांनी मला बांबूची लांब काठी जोडली, सुतळीने, मंडपाचीच गाठ मारून.

सतत बसून कातडी दुखावते, पण काकांना ते कळत नाही. म्हणून रोज सकाळी, कुशीवर वळून, कुठे डाग दिसतो का बघत मला फिरवायचं.

टाच. ठीक.
घोटा. ठीक.
माकडहाड. ठीक.

मग चाकांची खुर्ची, चहा आणि चाळीच्या पटांगणात पोरांना कॅरम शिकवणं.

"एखादी नटीसुद्धा एवढा आरसा बघत नसेल," काकू म्हणायच्या.

"नटी समोरून बघते. मी मागून देखणा आहे."

मध्ये एकदा, रोज ठीकच तर असतं म्हणून, मी खिळ्यावर धूळ खात राहिलो. त्या वर्षी काका जखमेपायी कितीतरी महिने इस्पितळात पालथे होते.

आणि गेला रविवार. शेजारची अक्षदा, काकांची शिष्या. शिवाजी पार्कजवळ तिची पहिली फायनल. काकांचा इस्त्रीचा शर्ट तयार.

टाच. ठीक.
घोटा. ठीक.
माकडहाड. ठीक.
डावा कुल्ला.

लाल डाग. काकांनी बोटाने दाबून सोडला. क्षणभर पांढरा पडायला हवा होता; लाल तो लालच.

त्यांनी मला गादीवर पालथा घातला.

"सगळं ठीक ना हो?" काकूंनी मोरीतून विचारलं.

"ठीक."

मला बोलता येत नाही, मित्रांनो. मी चादरीकडे बघत राहिलो.

"काका, चला ना! टॅक्सी थांबलीय." दारात अक्षदा.

काकांचा हात अजून माझ्या काठीवर होता. त्यांनी मला सरळ केलं, पुन्हा बघितलं.

"मालन, मी जात नाही. डाग आहे. आज खुर्चीत बसायचं नाही."

"काका! तुम्ही प्रॉमिस केलेलं!"

"फायनल तुझी आहे, बूड माझं. आपापलं सांभाळू. जा."

ती पाय आपटत गेली. काका दिवसभर पालथे. फोन वाजला की मान वर. तिचा फोन आला नाही.

संध्याकाळी ती चप्पल न काढताच आत आली.

"गेला का डाग?"

"फिकट झालाय. उद्यापण पडून राहणार. तुझं काय?"

"हरले." ती त्यांच्या उशाशी जमिनीवर बसली. "आता पडलेलेच आहात तर ऐका, कुठे चुकले ते."

मित्रांनो, माझी कड आता काळी पडत चालली आहे. मला खुशाल बदला. रोजचं बघणं तेवढं सोडू नका. जिथे दुखत नाही, तिथे आधी बघा.