झुल्मिराचा निळा डबा

बंद घरात एकदम काहीतरी खुळखुळलं. इव्होनने स्वयंपाकघरात डोकावलं. पाच वर्षांची नेलिया खुर्चीवर चढून आजीचा बिस्किटांचा निळा डबा कानाशी हलवत होती.

"उतर आधी! आण तो इकडे."

तो न्यायलाच तर मायलेकी आल्या होत्या. घरातल्या सगळ्या गोळ्या दाखवा, असं इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं.

झाकण निघालं आणि लोण्याचा, औषधाचा तो जुना वास आला. सुगीत गावातल्या बायका क्रॅनबेरीच्या पाणी सोडलेल्या मळ्यात दिवसभर गारठ्यात उभ्या असायच्या, लघवी तुंबवून. संध्याकाळी कुणीतरी जळजळ घेऊन दारात यायचीच. इव्होनची आई झुल्मिरा मक्याची कशूपा ढवळता ढवळता ओरडायची, "बस गं, आधी खा!" मग डब्यातल्या दोन गोळ्या आणि पेलाभर आंबटढाण क्रॅनबेरीचा रस. कुणाला डॉक्टरांनी गोळ्या दिल्याच, तर बरं वाटताच उरलेल्या डब्यात यायच्या, पुढचीसाठी. एकटीनं सगळ्या संपवणं हा हावरटपणा. त्या वाफाळत्या, गलबल्याच्या स्वयंपाकघराइतकं सुरक्षित इव्होनला पुन्हा कुठेच वाटलं नव्हतं.

झुल्मिराही जन्मभर दोन-दोनच घेत आली. आता संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. एकामागून एक औषधं हरली. "जंतू सरावलेत त्यांना," डॉक्टरबाई म्हणाल्या. हाताशी उरलेलं शेवटचं औषध सलाइनमधून चालू होतं. लागू पडलं तर आई घरी येणार.

फोन वाजला. "सापडला का गं डबा?" आईचा आवाज पार बारीक झाला होता. "फेकू नकोस हं!"

"आई, त्यानंच तर..."

"कळलं. जंतू सरावले म्हणे! माझ्या घरी येऊन कोण सरावलं नाही, सांग? तू तर लग्न झालं तरी जेवायला माझ्याकडेच."

इव्होन हसली. "ताप उतरला?"

"कसला उतरतोय! बसलाय सोबतीला."

फोन ठेवून ती वळली, तर नेलियाने टेबलावर गोळ्यांची रंगीत रांग मांडली होती.

"ही कुणाची?"

"शेजारच्या मार्गारिदाकाकूंची असेल."

"आणि ही पिवळी?"

"माझी. तू पोटात होतीस तेव्हा उरलेली."

नेलियाने रांगेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"सगळ्यांसाठी ठेवल्या ना आजीनं? मग आई, आजीसाठी यातली कुठली?"