जसं लिहिलंय तसं

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी मी तिला ऑफिसातल्या बायकांसमोर बोलले. १९८५च्या जानेवारीतला बुधवार होता. एरवी तो दिवस रोजच्यासारखाच उजाडला. भटवाडीहून सकाळी आम्ही दोघी एकाच बसने अंधेरीला गेलो. डब्यात वालाची उसळ होती. ऑफिसच्या जिन्यापाशी आम्ही नेहमीप्रमाणे वेगळ्या झालो. ती तळमजल्यावर पंच रूममध्ये गेली, मी वर प्रोग्रॅमरांच्या हॉलमध्ये.

तिला तिथे नऊ वर्षं झाली होती, मला दीड. मी अजून ट्रेनी होते. आम्ही वरची मंडळी कोडिंग शीटवर पेन्सिलीने प्रोग्रॅम लिहीत असू. खालच्या बायका त्यातली एकेक ओळ एकेका कार्डावर भोकं पाडून उतरवत. कार्डं मशीनवर जात आणि दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅमची छापील प्रत, म्हणजे लिस्टिंग, हातात येई. पंच रूमच्या भिंतीवर एकच नियम लावलेला होता: जसं लिहिलंय तसं. ऑपरेटरने आपलं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही.

ऑफिसात मी तिला सगळ्यांसारखी विमलाबाई म्हणायचे. ती मला मॅडम म्हणायची आणि चष्म्याआडून हसायची.

त्या बुधवारी एका औषध कंपनीसाठी लिहिलेला माझा प्रोग्रॅम अडकला. एका फाइलचं नाव मी चुकीचं लिहिलं होतं, पण ते मला संध्याकाळी कळलं. दुपारी शीट आणि लिस्टिंग शेजारी ठेवून तपासत असताना एका ओळीच्या शेवटी मी न दिलेला फुलस्टॉप दिसला. माझ्या बढतीचं त्याच महिन्यात ठरायचं होतं. माझे प्रोग्रॅम पहिल्याच फेरीत बिनचूक निघतात, असं वर माझं नाव झालं होतं. लिस्टिंग घेऊन मी तडक खाली गेले.

"विमलाबाई, हा फुलस्टॉप कुठून आला?"

तिने चष्मा वर सारून पाहिलं. "राहिला होता ना, म्हणून दिला."

"राहिला होता, हे तुम्ही ठरवणार?"

"खालची ओळ तू परत समासापासून सुरू केलीयस. म्हणजे वाक्य नवीन. मग आधीचं संपायला नको?"

"डोकं लावू नका. लिहिलंय तेवढंच पंच करा. हा काढा."

मशीनं थांबली. तिच्या शेजारी बसणारी नलिनी म्हणाली, "ए बये, आई आहे ती तुझी."

"ऑफिसात नाही," मी म्हणाले.

"बरं मॅडम," आई म्हणाली. गठ्ठ्यातून तिने ते कार्ड काढलं आणि फुलस्टॉपशिवाय दुसरं पंच करून दिलं.

परतीच्या बसमध्ये तिने विचारलं, "भूक लागली काय गो?" मी नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टॉपवर ती म्हणाली, "जरा बसते," आणि बंद दुकानाच्या पायरीवर बसली. टॅक्सी मिळेपर्यंत तिचा हात गार झाला होता.

तेराव्यानंतर मी कामावर गेले. सगळे हळू आवाजात बोलत होते. मला एका जागी बसवेना. पेन्सिलींना टोक काढत राहायचे, पाणी प्यायला उठायचे, परतताना मरोळ नाक्यालाच उतरून पुढचे दोन स्टॉप चालायचे आणि मग दुसरी बस धरायचे. बाबांशी बोलायला लागू नये म्हणून घरी गेल्या गेल्या भांडी घासायला घ्यायचे.

दोन आठवड्यांनी आमचे मॅनेजर राऊतसाहेब यांनी बोलावलं. औषध कंपनीचा फोन आला होता. गोदामातल्या सगळ्या मालाची यादी हवी होती, पण यादीत फक्त मुदत संपलेली औषधं येत होती. चांगला माल गायब.

जागेवर येऊन मी शीट उघडलं. मुदत संपली असेल तर नावापुढे फुली मारायची, हे एक वाक्य. मग ओळ छापायची, हे दुसरं. मध्ये फुलस्टॉप नसल्यामुळे मशीनने दोन्ही कामं त्याच 'तर'खाली धरली होती. चाचणीत हे कळलं नाही, कारण चाचणीची औषधं मीच रचली होती आणि सगळी मुदत संपलेली. फुली पडते का, एवढंच मला पाहायचं होतं.

दुरुस्ती करायची तर आधी शीटवर करायची, ही पद्धत. मी पेन्सिलीने तो फुलस्टॉप दिला आणि शीट साहेबांकडे नेलं.

त्यांनी शीट पाहिलं, मग जुनं लिस्टिंग. "शीटवर तर फुलस्टॉप आहे. म्हणजे पंचिंगला गळला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "विमलाबाईंच्या हातचं ना? असू दे. तब्येत बरी नसणार त्यांची. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मी काहीच बोलले नाही. त्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं: पंचिंगची चूक. ऑपरेटर विमला.

तो गुरुवार होता. शुक्रवारी मी रेकॉर्डच्या कपाटातून माझी दीड वर्षाची शीटं काढली. प्रत्येकाच्या शेजारी त्याचं पहिलं लिस्टिंग ठेवलं आणि ओळीखाली पट्टी धरून वाचत गेले. शीटवर फुलस्टॉप नाही, लिस्टिंगमध्ये आहे. शून्याच्या जागी मी ओ लिहिलाय, लिस्टिंगमध्ये शून्य आहे. कंस मी उघडलाय, तो तिने बंद केलाय. काही प्रोग्रॅममध्ये एकदा, काहींमध्ये सहा-सात वेळा. एसएससी झाल्यावर टायपिंग शिकलेली बाई. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. रोज माझं लिहिलेलं वाचून ती शिकली होती, आणि मी स्वतःचं लिहिलेलं एकदाही तसं वाचलं नव्हतं.

शनिवार-रविवार मी घरात येरझाऱ्या घातल्या. गिरणी सुटल्यापासून बाबा घरीच असायचे. ते म्हणाले, "काय गो, काय हरवलं?"

"काही नाही."

"मग बस की."

बसले आणि परत उठले.

सोमवारी सकाळी राऊतसाहेबांनी पत्र दिलं. ट्रेनी हा शब्द गेला होता. "आजपासून नव्या ट्रेनींची शीटं तुम्ही तपासायची," ते म्हणाले. "तुमच्यासारखं बिनचूक लिहायला शिकवा त्यांना. चला, खाली ओळख करून देतो. यापुढे पंच रूमचं काम तुमच्यामार्फत येईल."

पंच रूममध्ये आईच्या मशीनवर कव्हर घातलेलं होतं. साहेबांनी माझी बढती सांगितली. दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या. नलिनीने नाही वाजवल्या.

"आणि एक," साहेब म्हणाले. "औषध कंपनीच्या कामात फुलस्टॉप गळला. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण यापुढे काळजी घ्या."

"विमलाबाईंच्या हातून गळला?" नलिनी म्हणाली. "साहेब, त्या बाईच्या हातून नऊ वर्षांत धुळीचा कण गळला नाही."

"शीट आहे माझ्याकडे, नलिनीबाई. शीटवर फुलस्टॉप स्पष्ट आहे."

नलिनी साहेबांशी बोलायची थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली. त्या बुधवारी ती तिथेच होती. तिला सगळं माहीत होतं. तरी ती सांगेना, नुसती पाहत राहिली. साहेब दाराकडे वळले होते.

"शीटवरचा फुलस्टॉप मी गुरुवारी दिला," मी म्हणाले.

साहेब थांबले. "काय?"

"गुरुवारी, तुमच्याकडे यायच्या आधी. मुळात शीटवर तो नव्हता. मी विसरले होते. आईने तो ओळखून दिला होता, आणि मी इथे येऊन, या सगळ्यांसमोर, तिला काढायला लावला." मला थांबावंसं वाटेना. "रजिस्टरमधलं तिचं नाव खोडा, साहेब. तिथे माझं लिहा. याआधीच्या कामांतही माझ्या चुका होत्या, त्या तिने निस्तरल्या. मी कपाटातली सगळी शीटं पाहिलीत. पत्र परत घ्यायचं असेल तर घ्या."

मी कव्हर घातलेल्या मशीनकडे वळले.

"आई," मी मोठ्याने म्हणाले, "तुझं बरोबर होतं गं. माझं चुकलं."