क्लचमधली हवा

आमच्या सणसर गावात वडापच्या, म्हणजे सीटा भरून धावणाऱ्या जीपगाड्या चिक्कार, पण तेलाचा क्लच असलेली गाडी एकट्या आबांची. आबा म्हणजे माझे वडील. बाकीच्या जीपांना क्लचची तार. तुटली की नवी घातली, विषय संपला. तेलाच्या क्लचचे नखरे फार. तेलात हवा शिरली की पायडल नुसतंच खाली जातं आणि गिअर पडत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात, एक वर पायडलवर आणि एक गाडीखाली. खालचं माणूस मी, कारण आबांचं पोट गाडीखाली मावत नाही.

हे सगळं मला आबांनीच शिकवलं. त्याच जोरावर मी बारामतीच्या आयटीआयला मोटर मेकॅनिकचा अर्ज भरला आणि शहाण्णव साली माझं नाव लागलं. पोरींत मी एकटीच. आबांनी स्टँडवर पेढे वाटले. प्रवेशाच्या दिवशी सकाळीच हजर राहायचं होतं. नाव पुकारल्यावर माणूस जागेवर नसलं की सीट पुढच्याला. आदल्या दिवशी आबा म्हणाले, "एस्टीत कशाला चेंगरतीस? मी सोडतो की गाडीनं." मला कोण आनंद झाला.

सकाळी बघते तर पायडल थेट तळाला.

नवा ड्रेस बदलून मी गाडीखाली शिरले. क्लचच्या डबीत तेल भरलेलं, पाइप कोरडा, खालच्या सिलिंडरचं रबरही गळत नव्हतं. म्हणजे हवाच.

"मारा," मी ओरडले. आबांनी पायडल दणादण मारलं.

"धरा."

"धरलंय!"

मी हवा सोडायचा निपल पान्यानं सैल केला, तेल फसफसत आलं, निपल आवळला. "सोडा."

आमच्याकडे हे काम असंच चालतं. खालच्याला वरचा पाय दिसत नाही, वरच्यानं 'धरलंय' म्हटलं की धरलंय. निपल उघडा असताना पाय उचलला तर बाहेरची हवा उलटी आत ओढली जाते. हे आबांनी मला पहिल्याच दिवशी कान पिळून सांगितलं होतं.

पुन्हा मारा, पुन्हा धरा. हवा काही संपेना. बारामतीची एस्टी हॉर्न देत निघून गेली. मी धडपडत बाहेर यायला लागले, तर आबा म्हणाले, "आगं, हुतंयच की आता. कशाला घाबरतीस?" मी परत आडवी झाले. तेल डोळ्यात गेलं. मला स्वतःचीच चीड आली. साधी हवा काढता येत नाही आणि निघालीय मेकॅनिक व्हायला!

आजारी मेंढीला लावलेल्या सलाईनची नळी गोठ्यात खुंटीला होती. म्हटलं, हवा येते कुठून ते डोळ्यांनीच बघू. एक टोक निपलवर चढवलं, दुसरं ब्रेक ऑइलच्या बाटलीत बुडवलं.

"धरा."

"धरलंय!"

निपल सैल केला. तेल नळीतून बाटलीत उतरलं, थांबलं आणि उलटं फिरून वर गाडीकडं चढायला लागलं. पायडल वर आल्याशिवाय तेल असं माघारी फिरत नाही.

"आबा, धरलंय ना?"

"धरलंय की गं!"

तेल चढतच होतं. दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर मी शिव्या घातल्या असत्या, पण हा आवाज आबांचा होता.

मी बाहेर आले. "तुमी पाय उचलताय. पहाटं निपलबी तुमीच सोडला व्हता न्हवं?"

आबा स्टिअरिंगकडं बघत म्हणाले, "कळंबचं पाव्हणं येणार हायती दुपारी, तुला बघायला. मी शबुद दिलाय."

चुलीवर पहाटेपासून पुरण शिजत होतं. मला वाटलं होतं, ते माझ्या प्रवेशाचं. आई दारातच उभी होती. मी बघितल्यावर तिनं मान फिरवली.

"मग सरळ न्हाय म्हणायचं. पेढं कशाला वाटलं?"

"आन् तू ऐकलं असतंस व्हय?"

"ऐकलं असतं, आबा."

खरंच ऐकलं असतं. रडले असते, जेवणावर रुसले असते, पण ऐकलं असतं. त्यांनी तोंडावर नकार दिला असता, तर आज मला त्यांचा इतका राग आला नसता.

आबा खालच्या आवाजात म्हणाले, "तेवढा क्लच करून दे. पाव्हण्यांस्नी स्टँडवरनं आणायचंय."

मी पाना त्यांच्या मांडीवर टाकला आणि तेलकट कपड्यांनिशी रस्त्यावर जाऊन उभी राहिले. दुधाच्या टेम्पोनं बारामती गाठली, तोवर माझं नाव पुकारून झालं होतं. सीट दुसऱ्याच मुलाला गेली. इकडं कळंबचे पाहुणे पुरणपोळी खाऊन, मुलगी न बघताच परत गेले.

पुढच्या वर्षी माझं नाव पुन्हा लागलं. घरात मी कुणालाच सांगितलं नाही. प्रवेशाच्या दिवशी स्टँडवर आबा "बारामती, बारामती" ओरडत गाडी भरत होते. मी त्यांच्यासमोरूनच एस्टीकडं निघाले.

"दिपे, कुठं निघालीस?"

"मावशीकडं."

जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्याशी खोटं बोलले. त्यांनी लगेच विश्वास ठेवला.