पाठ केलेला खेळ

आमच्या मालकांचा अंगठा तीर दिसायच्या आधीच हालत होता, अन् ते मला एकटीलाच दिसलं.

कसला तीर, ते सांगते. आमच्या सुनेच्या, मंगलच्या, मोबाईलात एक खेळ हाय. कार्टूनचा पिच्चरच म्हणा. गडी आपला आपणच पळतो, दरड कोसळती, वाघ येतो. मधीच डावीकडं न्हाईतर उजवीकडं तीर चमकतो. लगेच त्या बाजूला बोट लावायचं, न्हाईतर गडी मेला. मग पुन्हा पहिल्यापासून.

गेल्या साली पाटोद्याच्या रस्त्याला ह्यांचा ब्रेक उशिरा लागला. मागं ट्रॉलीत ऊसतोडीला निघालेली आमची टोळी, लेकरंबाळं. समोरचा मोटरसायकलवाला थोडक्यात वाचला. तवापासून पोरगा, अभिमन्यू, एकच धरून बसला, "दादा, यंदा ट्रॅक्टर मी चालवतो." अन् हे म्हणणार, "कावून रं? तीस वर्सं काय झोपून चालवला का मी?" रोजची कटकट. दोघांच्या मधी बोलून बोलून मी पार थकले. शेवटाला ठरलं, दादांनी एकदाबी न मरता त्यो खेळ पुरा केला तर चावी त्यांची.

आठ दिवस हे ओट्यावर फोन घेऊन बसले. जेवायला बोलवलं तर वस्सकन अंगावर यायचे. आज सकाळी समद्यांसमोर खेळले, शेवटपर्यंत गेले. अभिमन्यूनं गुमान चावी काढून दिली.

मीबी गप बसले असते. जीवच नव्हता राहिला भांडायला. पण वाघ दर बारीला त्याच जागी येतो, ह्यांनी समदं पाठ केलतं. अन् उद्या त्या ट्रॉलीत मंगल चार महिन्यांचं लेकरू घेऊन बसणार. मला लई भ्या वाटलं.

"अजून एक डाव खेळा," म्हणलं. खेळ सुरू झाला, तशी मी मागून ह्यांच्या डोळ्यांवर हात धरला.

अंगठा थांबला न्हाई. डावा, उजवा, उजवा, डावा. दरड कोसळली, वाघ आला, गडी पळतच राहिला. मंगल हसून म्हणाली, "मामा, तुमी तर न बघता..." अन् मांडीवरचं लेकरू छातीशी धरलं.

माझ्या तळव्याला ओल लागली. मी हात काढला न्हाई. पोरांनी ते बघावं असं मला वाटलं न्हाई.

ह्यांनी तसंच चाचपून खिशातली चावी काढली, अभिमन्यूच्या दिशेनं धरली.

"ट्रॉलीच्या डाव्या चाकात हवा कमी हाय," म्हणाले. "निघायच्या आधी बघून घे."

तोवर फोनात गडी मेलता.