ठोंब्याचं भुंकणं

शिक्षेचं युग संपलं आहे, यापुढे जग केवळ बक्षिसावर चालेल, असं प्रशिक्षक बाईंनी पहिल्याच भेटीत जाहीर केलं. त्या वेळी ठोंब्या जगाच्या वतीने त्यांची डावी चप्पल खात होता.

ठोंब्या म्हणजे निवृत्त ग्रंथपालांचं पिल्लू. त्यांची बायको गेल्यावर, परदेशी जाण्याआधी मुलीने ते आणून ठेवलं होतं. "बाबा, घरात काहीतरी हलतं असू दे." ठोंब्या हलायचा थोडा, भुंकायचा फार, तोही नेमका दुपारी, जेव्हा खालच्या मजल्यावरची नर्स रात्रपाळी करून झोपलेली असे. इमारतीच्या सचिवांनी बजावलं होतं: महिनाअखेरीस एकतर भुंकणं जाईल, नाहीतर कुत्रं.

"ओरडायचं नाही," बाई म्हणाल्या. "हवं तसं वागला की लगेच खाऊ. ज्यावर खाऊ मिळतो, तेच तो पुन्हा करतो."

"तेच तर करतोय मी."

बाई बसून बघत राहिल्या. ठोंब्या खिडकीशी जाऊन मनसोक्त भुंकला. थोड्या वेळाने बेल वाजली. दारात नर्स, केस विस्कटलेले.

"आजोबा, अहो माणूस आहे मी! झोपू कधी?"

"खरंय, खरंय. आत या ना. पाणी देऊ?"

"पाणी नको, झोप हवीय!"

"काल वॉर्डात गर्दी होती म्हणालात. आज कसं होतं?"

"आज तर कहरच. एक आजी सलाईन काढून चक्क..." इतकं सांगून झाल्यावर आपण भांडायला आलोय हे नर्सला आठवलं आणि ती तरातरा खाली गेली.

ग्रंथपालांनी दार लावलं. चेहरा चांगलाच खुललेला. हात आपसूक खिशात गेला आणि ठोंब्याला बिस्किट मिळालं.

"काका, हे कशाबद्दल?"

"गप्प बसला ना आता."

"तो भुंकला, बेल वाजली, तुम्ही हसलात, बिस्किट आलं. ह्याला मी काय शिकवणार? हा वर्गात पहिला आहे."

ग्रंथपालांनी दाराकडे पाहिलं.

"म्हणजे भुंकणं थांबलं की बेलही थांबणार."

"हो."

"आणि नाही थांबलं, तर हा जाणार."

बाई उठल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "गप्प असेल तेव्हा द्या. आणि शाब्बास मोकळ्या आवाजात म्हणा. कुजबुजू नका."

जन्मभर वाचनालयात कुजबुजलेला माणूस. पहिले दोन दिवस शाब्बास घशातच अडकलं, मग सुटलं. खाली सायकल गेली, ठोंब्या गप्प: शाब्बास! फेरीवाला ओरडला, ठोंब्या गप्प: शाब्बास रे वाघा! महिनाअखेरीस सचिव जिन्यात कान देऊन उभे राहिले आणि समाधानाने परत गेले. ठोंब्या राहिला.

बेल मात्र वाजेना. ग्रंथपालांनी एकदा बाहेर जाऊन ती स्वतः दाबून पाहिली. चालू होती.

आणि एका दुपारी ती वाजली. त्यांनी घाईने केसांवरून कंगवा फिरवला. दारात नर्स.

"आजोबा, कमाल केलीत हं. किती गुणी झालंय कुत्रं!"

"या ना, आत या. बसा."

"नको, झोपायचंय. एकच सांगायला आले होते."

"सांगा ना, सांगा."

"ते दिवसभर शाब्बास, शाब्बास चाललेलं असतं ना, ते जरा हळू म्हणाल का?"