तीन वर्षांनी तेच चिंतन

चर्चचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, याचा मास्तरांना फार अभिमान होता. जणू ही सोय त्यांना विचारूनच केली होती. आधी आगमनकाळ, मग नाताळ, मग उपवासकाळ, मग ईस्टर, आणि उरलेले महिने सामान्यकाळ. त्यात रविवारची बायबलमधली वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यात फिरतात: अ वर्ष, ब वर्ष, क वर्ष, की पुन्हा अ. एवढं कळलं की पुढची गोष्ट कळेल. मास्तरांनाही एवढंच कळलं होतं आणि त्यावर त्यांनी पंधरा वर्षं काढली होती.

त्याचं असं, की चर्चच्या साप्ताहिक पत्रकात शेवटच्या पानावर ‘मास्तरांचं चिंतन’ यायचं. पहिली तीन वर्षं मास्तरांनी खरोखर डोकं खाजवून लिहिलं. चौथ्या वर्षी त्यांच्या लक्षात आलं, की वाचनं तीच आली आहेत. देवालाच नवं काही सांगायचं नसेल, तर आपण कशाला जिवाचा आटापिटा करायचा? त्यांनी कपाटात अ, ब, क अशी तीन खोकी केली. आगमनकाळ आणि उपवासकाळ जांभळ्या फायलीत, नाताळ आणि ईस्टर पांढऱ्या, सामान्यकाळ हिरव्या. शनिवारी योग्य खोक्यातून योग्य कागद काढायचा, तारीख बदलायची आणि पत्रक छापणाऱ्याकडे द्यायचा. वाचायचा प्रश्नच नाही, स्वतःचंच तर होतं. लोकांनाही कधी संशय आला नाही, कारण लोक शेवटच्या पानावर फक्त पुढच्या आठवड्याच्या मिस्साची, म्हणजे उपासनेची, वेळ बघायचे.

नम्रतेवर मास्तरांची नऊ चिंतनं होती आणि कुणी त्यांतलं एखादं विसरलं तर ते दोन दिवस फुगून बसत.

तर हे क वर्ष होतं. उपवासकाळाचा चौथा रविवार उजाडला. या रविवारी जांभळ्याऐवजी गुलाबी झगा घालायचा रिवाज आहे. फादर तो घालतात, पण चेहरा दंडात सुई टोचून घेतल्यासारखा असतो. त्यांनी उधळ्या मुलाचा दाखला वाचला. धाकटा मुलगा बापाची इस्टेट उडवून परत येतो, बाप त्याला बघून धावत सुटतो, आणि थोरला रागावून घराबाहेर उभा राहतो. मास्तर पुढच्या बाकावर डोळे मिटून बसले होते. लोकांना वाटे, ध्यान लागलंय. मागच्या बाकावर डावीकडे त्यांचा धाकटा भाऊ बसला होता. तो प्लंबर. त्यालाही लोक बघत होते, पण वेगळ्या कारणानं.

दोघं भाऊ दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आई धाकट्याकडे होती. तीन महिने अंथरुणाला खिळून होती. मास्तर तेवढ्यात दोनदा गेले, दोन्ही वेळा चपला न काढता. त्यांना वेळ नव्हता, ते ‘आजारपणातली कृपा’ या लेखमालेचा मजकूर जुळवत होते. आईच्या दफनाच्या वेळी, सगळ्यांदेखत, हातातली माती अजून झटकलीही नव्हती तेव्हा धाकटा म्हणाला, “दादा, तू आजारपणावर लिहीत होतास ना? आजारी ती होती.” बस, एवढंच. मास्तरांनी त्या दिवसापासून त्याचं तोंड बघितलं नाही. खरं बोलल्याबद्दल माणसाला माफ करणं सगळ्यात अवघड जातं.

मिस्सा संपली, दारात पत्रकं वाटली गेली. वेळ बघताना कुणाची तरी नजर वरच्या चिंतनावर अडली आणि त्यानं ते शेजाऱ्याला दाखवलं. आणि मग विचित्रच घडलं. लोक येऊन मास्तरांचे हात धरायला लागले. दुकानदारीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. गुलाबी झग्यातले फादर घाईघाईनं आले आणि म्हणाले, “मास्तर, केवढं मोठं मन! मी दोन वर्षं तुम्हाला हेच सांगत होतो.” मास्तरांनी मान झुकवून सगळं स्वीकारलं. कशाबद्दल कौतुक चाललंय याची त्यांना सुतराम कल्पना नव्हती, पण कौतुक परत करायची त्यांना सवय नव्हती.

घरी आल्यावर बायकोनं पत्रक टेबलावर ठेवलं.

“अहो, हे तुम्ही लिहिलंत?”

“मग काय शेजाऱ्यानं लिहिलं?”

“वाचा बरं.”

मास्तरांनी चष्मा लावला. ‘माझा धाकटा भाऊ उद्या परत आला, तर त्यानं दार वाजवायची मी वाट बघणार नाही. गल्लीच्या टोकाला तो दिसला, की चपला न घालता धावत जाईन आणि त्याला मिठी मारीन. चूक कुणाची, हे प्रेम विचारत नाही.’

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. हे लिहिलं तेव्हा धाकटा दर रविवारी त्यांच्या घरी चहा प्यायचा आणि जाताना गळका नळ दुरुस्त करून द्यायचा. तेव्हा धावत जाण्याचं वचन द्यायला काय जात होतं!

“जुनं आहे हे,” मास्तर पुटपुटले. “चुकून गेलं. पुढच्या अंकात खुलासा देतो.”

“काय देता? भावाला मिठी मारणार नाही, असा खुलासा?” बायको म्हणाली. तिनं आयुष्यभर मास्तरांची अक्षरं लावली होती, तिला त्यांचा वचक उरला नव्हता.

“तो कुठे वाचतो? त्याचा नि अक्षरांचा छत्तीसचा आकडा.”

तेवढ्यात बायको खिडकीशी गेली आणि तिथेच थबकली. “या इकडे,” ती म्हणाली.

गल्लीच्या टोकाला, विजेच्या खांबाजवळ, धाकटा उभा होता. चर्चमधलेच कपडे, हाताची घडी. पुढे येत नव्हता, मागे जात नव्हता. आणि गल्लीतल्या खिडक्या एकेक करून उघडत होत्या, कारण पत्रक सगळ्यांनी वाचलं होतं. समोरच्या आजीबाईंनी तर खुर्चीच ओढून घेतली.

मास्तर पडद्याआड झाले. “जाईल थोड्या वेळानं.”

दहा मिनिटं झाली, वीस झाली. धाकटा तसूभर हलला नाही. नळाच्या पाईपात तासन्‌तास हात घालून बसणारा माणूस तो, त्याला कसली घाई?

“जा,” बायको म्हणाली.

“माझी कंबर...”

“कंबरेचं लिहिलं नव्हतंत. लिहिलं होतंत, धावत जाईन.”

मास्तर उठले. सवयीनं पाय चपलेत घातले, बायकोकडे पाहिलं, आणि काढले. भर दुपारी तापलेल्या डांबरावर त्यांनी पाय ठेवला आणि पहिल्यांदाच त्यांना कळलं, की आपण लिहिलेल्या वाक्यावर चालायला लागतं तेव्हा ते भाजतं. धावणं कसलं, ते टाचा उचलत नाचत निघाले. तिसऱ्या खिडकीतून कुणी तरी खुदकन हसलं. एकानं टाळ्या वाजवल्या. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते भावासमोर जाऊन उभे राहिले. दोघांमध्ये हातभर अंतर होतं. धाकट्यानं हाताची घडी सोडली नाही.

“वाचलंस तर,” मास्तर म्हणाले.

“आजचं नाही वाचलं. पाठ आहे मला.” धाकट्यानं खिशातून घड्या घातलेली चार कात्रणं काढली. याच चिंतनाची, दर तीन वर्षांतलं एक, पिवळी पडत गेलेली. “आईनं ठेवली होती. मीच वाचून दाखवायचो. शब्दसुद्धा बदलत नाहीस तू. ती म्हणायची, दर तीन वर्षांनी धावतो माझा थोरला, बघू या कधी पोचतो.”

म्हणजे आईला माहीत होतं. एवढ्या गावात एकट्या तिनंच त्यांची सगळी चिंतनं ऐकली होती, आणि एकट्या तिलाच कळलं होतं.

“माझं चुकलं,” मास्तर म्हणाले. हे वाक्य तिन्ही खोक्यांत कुठेच नव्हतं. “मी यायला हवं होतं रे. मला भीती वाटायची तिच्याकडे बघायची, म्हणून मी लिहीत बसलो.”

धाकट्याचा चेहरा हलला, पण तो वितळला नाही.

“चल घरी,” मास्तर म्हणाले. “चहा पिऊ.”

“आत्ता नाही, दादा. आत्ता सगळी गल्ली बघतेय. कुणी बघत नसेल तेव्हा बोलाव.”

आणि तो गेला. मिठी राहिलीच. मास्तर भाजलेल्या पायांनी परत आले तेव्हा खिडक्या हळूहळू लागत होत्या. आजीबाई मोठ्यानं म्हणाल्या, “एवढंच?” आणि खुर्ची आत नेली.

मंगळवारी सकाळी मास्तर कुणाला न सांगता निघाले. ना सण होता, ना रविवार, ना कुठल्या वाचनाचा दिवस. धाकट्याच्या बायकोनं दार उघडलं आणि ती गोंधळली.

“दादा? ते कामावर गेलेत. दुपारनंतर येतील.”

“येऊ दे. मी थांबतो.”

तिनं त्यांना आतल्या खोलीत बसवलं, दुसरी खोलीच नव्हती. भिंतीशी आईची खाट होती, चादर घालून नीट ठेवलेली. उशाशी एक खुर्ची होती, रात्रंदिवस जवळ बसणाऱ्यासाठी ठेवतात तशी, आणि तिची गादी एका माणसाच्या बसण्यानं पार दबून गेली होती. मास्तरांनी चपला दाराबाहेर नेऊन ठेवल्या. मग ते त्या खुर्चीत बसले, रिकाम्या खाटेकडे तोंड करून. खिशात कागद नव्हता, पेन नव्हतं. धाकटा येईपर्यंत ते तिथून उठले नाहीत.